वाघशेपटीचा चमत्कार

साहेब, तपासणीला आलात आणि परांचीच्या परवान्यावर तुम्ही गाडीत बसूनच सही ठोकलीत. काच खाली केली नाहीत, मान वर केली नाहीत. खून तिथेच सुरू झाला.

सिडनीच्या पश्चिमेला तीन मजली इमारत उभी राहत होती. परांचीवरून हात पुरेल इतक्या जवळ अकरा हजार व्होल्टची तार. एका सकाळी तिच्यावर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची प्लास्टिकची नळकांडी चढली, तिथे त्यांना वाघशेपटी म्हणतात. लगेच मुकादम ब्रॅडलीने चाळीस माणसं खाली गोळा केली, वर गेला आणि उघड्या हाताने नळकांडं गच्च आवळलं.

"बघा रे! वाघाची शेपूट धरलीय! हिच्यापुढे विजेचा बापही गार!"

शिट्ट्या, टाळ्या. टोंगा बेटांवरचा म्हातारा मोसेसे ओरडला, "याला रविवारी चर्चमध्ये उभा करा, पाद्र्याच्या पोटावर पाय येईल!"

हसला नाही तो एकटा लातू. "दादा, मला नाही पटत."

सिओसाइआने धाकट्या भावाच्या पाठीत धपाटा घातला. "डोळ्यांनी पाहिलंस ना? चढ गुमान."

तिसऱ्या दिवशी लातूने सहा मीटरचा लोखंडी पाइप उभा केला. पाइप कलला, नळकांड्याला टेकला.

तोफेसारखा आवाज झाला. लातूच्या बुटांचे तळ फाटून जाळ निघाला. तळहाताचं कातडं पाइपला चिकटलं आणि उरलेला लातू दोन मजले खाली आपटला. जागीच संपला.

"धांदरट पोरगा!" ब्रॅडली म्हणाला. "उघड्या तारेला लागला असणार. शेपटीत खोट नाही!"

सिओसाइआने त्याचं मानगूट धरलं, लाथा घालत जिना चढवला. तार जिवंत की मेलेली, कुणालाच ठाऊक नव्हतं.

"धर! परवा धरलीस तशी!"

नळकांडं वीतभर उरलं. जवळून दिसलं, तारेवर चढवता यावं म्हणून ते खालून सरळ चिरलेलं होतं. ब्रॅडलीची विजार भिजली.

"नको! त्या दिवशी वीज बंद होती! नळकांडी बसवायला दोन तास तोडली होती! ती नुसती तार दिसावी म्हणून असतात रे, वीज अडवत नाहीत!"

खाली चाळीस जणांनी ऐकलं. सिओसाइआच्या एका ठोशात दोन दात पडले. दुसरा ठोसा हवेतच राहिला. 'चढ' कोण म्हणालं होतं?

कामगारांनो, रंगाला वीज घाबरत नाही. वीज तोडलीय, तार जमिनीला जोडलीय, असं वीजवाल्याने लिहून हातात देईपर्यंत पाय उचलू नका. कुणी धरून दाखवलं तर आधी विचारा, आत्ता वीज चालू आहे का?

आणि साहेब, काम सोमवारी पुन्हा सुरू करायचा तुमचा हुकूम आलाय. तार तिथेच आहे. सोमवारी कुणाला चढवताय? नाव सांगा.