शिवूच्या उशाची वहाण

मोनिकाची झोप उडाली ती एका प्रश्नानं. पोरगी मोठी झाल्यावर विचारील, 'आई, माझं तोंड वाकडं झालं त्या ऑपरेशनच्या कागदावर तूच सही केलीस ना?' मग काय सांगायचं? ती या कुशीवरून त्या कुशीवर व्हायची आणि मी खाटेखाली पडून ऐकायची. मी वहाण बोलतेय, उजव्या पायाची. वहाणेनं बोलू नये, करकर वाजावं, हे मला कळतं. पण या घरात माझ्यावर इतकं बोललं गेलंय की एकदा माझीही बाजू यावी.

माझा पहिला काळ ऐटीचा. येरमाळ्याच्या यात्रेत बेंबळीच्या धोंडीबाआबांनी आम्हा जोडीला पायात घातलं, दोन येरझाऱ्या मारल्या आणि मान वाकडी करून आवाज ऐकला. आम्ही वाजलो, आबा खूश. पुढं आमची करकर ऐकली की पारावरची पोरं बिड्या लपवायची. एवढा मान मोठमोठ्या बुटांना मिळत नाही.

मग एके दिवशी आबांची नात शिवांजली अंगणात खेळता खेळता थबकली. डोळे फिरले, हातपाय ताठ झाले. आमच्याकडं फिट आली की नाकाला वहाण लावतात. आबांनी मला पायातून उपसलं आणि लावलं. थोड्या वेळानं पोर शुद्धीवर आली. ती माझ्यावाचूनही आलीच असती, असं डॉक्टर नंतर म्हणाले. पण तोवर श्रेय मला मिळून गेलं होतं.

तेव्हापासून माझी बढती झाली, पायातून उशाशी. माझी डावी बहीण एकटीच माळ्यावर गेली. आबा रबरी स्लीपर फटफटवत पारावर जाऊ लागले आणि पोरांनी बिड्या लपवणं सोडून दिलं.

शिवूची आई मोनिका एम.ए. झालेली. तिनं घरातल्यांना बसवून शिकवलं, फिट आली की कुशीवर वळवायचं, तोंडात काही कोंबायचं नाही, आणि वहाण तर मुळीच नाही.

"मामा, वहाणेत औषध नसतं," ती सासऱ्यांना म्हणाली.

"नसतंय की. पर भ्या वाटतं तवा हातात कायतरी लागतं का न्हाय?"

एम.ए.नं मला उशाजवळून उचललं आणि खाटेखाली ढकललं.

गोळ्या बदलल्या, डोस वाढले, पण फिट काही हटेना. शेवटी लांबच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मेंदूतली फिटची जागा शोधली आणि म्हणाले, ऑपरेशन करता येईल. मोनिकानं सही केली. बॅग भरताना मात्र तिनं इकडंतिकडं बघितलं, मला पिशवीत गुंडाळलं आणि टॉवेलखाली सारलं. तिकडं नर्सनं बॅग उघडली. मोनिका घाईनं म्हणाली, "चुकून आली." एकच वहाण चुकून कशी येते, ते नर्सनं विचारलं नाही. तिनं अशा पुष्कळ चुका पाहिल्या असाव्यात.

ऑपरेशन नीट झालं. फिट थांबली. पण पुढच्या काही दिवसांत शिवूचा डावा गाल लोंबला, डावा डोळा मिटेना, भुवई जागची हलेना. पाणी प्यायली की निम्मं फ्रॉकवर. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याच्या नसेला धक्का बसलाय, बहुतेक हळूहळू सुधारेल. तो 'बहुतेक' मोनिका बेंबळीपर्यंत घेऊन आली आणि रोज रात्री उशाला घेऊ लागली.

शेजारच्या म्हाळसाबाई बघायला आल्या. "वारं गेलं गं पोरीवरनं. कबुतराचं रगत चोळ."

"काकू, त्या कबुतरानं काय केलंय हो?" मोनिका म्हणाली. चहा मात्र दिला.

दवाखान्यातून व्यायाम सांगितले होते. भुवया वर करा, गाल फुगवा, शीळ घाला. शिवू एकटी काही करेना. सारखी गालावर हात धरून बसायची, शाळेचं नाव काढलं की पांघरुणात शिरायची. म्हणून सगळ्यांनी ओसरीत बसून तोंडं वाकडी करायची असं ठरलं. आबांना दात नाहीत, गाल फुगवले की फुस्स. मोनिकाची शीळ म्हणजे नुसतीच थुंकी. वाटी परत द्यायला आलेल्या म्हाळसाबाई दारातच थबकल्या आणि गल्लीभर सांगत सुटल्या, "एकट्या पोरीवरनं न्हाय, अख्ख्या घरावरनं वारं गेलंय."

एक व्यायाम होता घाण वास आल्यासारखं नाक मुरडायचा.

"पर वास कुठंय?" शिवू म्हणाली.

आबा उठले आणि मला घेऊन आले. आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरांनी सांगितलेल्या कामाला मी लागले. शिवूचं नाक मुरडलं, पण उजवीकडंच. डावी बाजू ढिम्म. मी माझ्याकडचा होता नव्हता तेवढा वास खर्चला. परवा डाव्या नाकपुडीपाशी एक बारीक सुरकुती पडली, असं मोनिका म्हणते. मग लगेच म्हणते, "मला काय, दिसणारच. मी आई आहे."

आता माझा अंगठा तुटलाय, टाच झिजलीय. बोलायला मिळतंय तोवर एकच मागणं मागते. तुमच्याकडं कुणाला फिट आली तर त्याला कुशीवर वळवा, शेजारी बसून राहा, दवाखान्यात न्या आणि आम्हाला पायातच राहू द्या. आम्हाला तिथंच बरं असतं.

आज सकाळी शिवूच्या डोळ्यात थेंब घालताना मोनिकानं एकदाचं विचारून टाकलं. "शिवू, ऑपरेशनला मीच हो म्हटलं. तुला माझा राग येतो का गं?"

आबांचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. शिवूनं न मिटणारी पापणी बोटानं खाली ओढली, थेंब मुरू दिला आणि विचार करून म्हणाली,

"येतो की. आता फिट येत न्हाय तरी मोरीची कडी लावू देत न्हाईस. म्या आंघोळ करती, अन् तू आपली दारात वहाण घिऊन उभी."