सुईचं नाव

दीपकनं दोन दिवस पाण्याला तोंड लावलं नव्हतं. तालुक्याच्या सबजेलातली सारी बराक म्हणत होती, पोरगं सोंग करतंय.

"येडा ठरला की जामीन गावतो. वकिलानंच शिकवलं आसंल," सर्जेराव म्हणाले. पुतण्याचं डोकं फोडून आत आलेले सर्जेराव बराकीत सगळ्यांत जुने. त्यांचा शब्द खाली पडत नसे.

दीपक पिंपळीचा, बावीस वर्षांचा. जिममध्ये त्याला सुईची चटक लागली. टोचली की अंगात दहा हत्तींचं बळ यायचं. सुई मिळेना तेव्हा त्यानं मेडिकलचं शटर फोडलं आणि सापडला. आत आल्यापासून भिंतीला कान लावून बसायचा, मधूनच "आलो, आलो" म्हणत उठायचा. पाण्यात विष कालवलंय, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

त्याच बराकीतल्या मल्हारला हे सारं ओळखीचं होतं. तो अंथुर्ण्याचा, सोमेश्वरनगरच्या साखर कारखान्याला ऊस ओढणारा ट्रॅक्टर ड्रायव्हर. खेप चुकू नये म्हणून दोन हंगाम त्यानं तीच सुई टोचून घेतली. झोप पार उडाली. मग इंजिनाच्या आवाजातून कुणीतरी नाव घेऊन शिव्या घालू लागलं. तो आवाज महिपतीचाच, अशी त्याची खात्री पटली. महिपती त्याच्याच जोडीचा ड्रायव्हर, सरळ माणूस. एका दुपारी कारखान्यावर गाड्यांच्या रांगेत मल्हारनं पाना उचलला आणि महिपतीचा डोळा गेला.

"भांडण झालं एवढंच सांगायचं," वकिलानं बजावलं होतं. "सुईचं नाव काढलंस तर केस बुडाली."

नऊ महिने मल्हारनं ते पाळलं. कानात अजून कुजबुज व्हायची, तीही गिळली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी दीपकचे हात धरले आणि तिसरा त्याच्या तोंडात तांब्या ओतू लागला. पोरगं ठसकलं, पाय झाडू लागलं. मल्हारनं तांब्या हिसकून घेतला.

"सोडा त्येला. सोंग न्हाय त्ये."

"तुला रं काय ठावं?" सर्जेराव गुरकावले.

"ठावं हाय. मी बी ऐकलंय तसलं."

मल्हार दारापाशी गेला आणि गज धरून हवालदाराला म्हणाला, "डॉक्टर बोलवा. न्हायतर पोरगं हातचं जाईल." हवालदारानं हाकललं तरी तो हलला नाही. जेवणही घेतलं नाही. दुपारी सरकारी डॉक्टरीणबाई आल्या.

"हा काय घेत होता, कुणाला माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

मल्हारला वकील आठवला, बायको रेश्मा आठवली. तरी तो बोलला. "सुई, मॅडम. ऑपरेशनात रक्तदाब चढवायला देत्यात ती. त्येच्या दंडावर खुणा हायेत." त्यानं स्वतःचीही बाही वर सारली. "आन् ह्या माझ्या."

"हे मी लिहून घेणार. चालेल?"

"लिवा."

दीपकला त्याच दिवशी दवाखान्यात नेऊन सलाईन लावलं. पुढं कोर्टाच्या हुकमानं मनोरुग्णालयात हलवलं. मल्हारलाही गोळ्या सुरू झाल्या. सर्जेराव दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. मग हळूच जवळ येऊन बसले. "आमचं धाकटं बी जिमला जातंय. त्या खुणा कशा आस्त्यात, सांग बरं."

वकील भडकला. रेश्मा एसटीनं भेटायला आली ती डोळे लाल करूनच.

"दुसऱ्याच्या पोरापायी आपलं वाटोळं केलंत?"

"त्येच्यापायी एकट्या न्हाय," मल्हार म्हणाला. "महिपतीचा डोळा कशापायी गेला, त्ये मी कोर्टातबी सांगणार. शिक्षा वाढली तर वाढू दे."

तिनं पदरानं डोळे पुसले. "आजून ऐकू येतं?"

"येतं. कमी झालंय. आलं की आता डॉक्टरांना सांगतो."

"मग मी महिपतीभावजींच्या घरी जाऊन येते."

"दारात उभं करणार न्हाईत तुला."

"न करंनात. जाते."

ती गेली. महिपतीच्या आईनं, प्रयागबाईनं, तिला बस म्हटलं नाही, पण दारही लावलं नाही. रेश्मानं उभ्या उभ्याच सुईचं, कानातल्या आवाजाचं, सगळं सांगितलं.