नंबर प्लेटचे दिवे

इंग्लंडातल्या बर्सलेमच्या नेव्हिल ब्लोरची लाल गाडी सरकारी वार्षिक चाचणीत तिसऱ्यांदा नापास झाली. तपासनीस क्लाइव्हने कागद हातात देता देता विचारलं, "नेव्हिल, एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"पहिल्यांदा ब्रेकची नळी गळत होती. ठीक आहे, जुनी गाडी आहे. दुसऱ्यांदा काच धुवायची टाकी कोरडी ठणठणीत. आज हॉर्न मुका. अहो, इंजिन घड्याळासारखं चालतंय, तळाचा पत्रा असा जोडलाय की मला सांधा सापडत नाही. आणि हॉर्नची तार लावायला विसरता?"

"वय झालं," नेव्हिल म्हणाला आणि पुढच्या शनिवारची वेळ घेऊन घरी आला.

वय एकाहत्तर झालं होतं हे खरं. पण विसरण्याचं म्हणाल तर तो काही विसरत नव्हता. हॉर्नची तार त्याने स्वतःच्या हाताने सोडवली होती. टाकीतलं पाणीही त्यानेच काढून गुलाबांना घातलं होतं. पहिली ब्रेकची नळी तेवढी प्रामाणिक होती.

गाडी त्याच्या बायकोची, ग्लेनिसची. कपांच्या कडेला सोनेरी रेघ ओढण्याची नोकरी करून तिने ती अठ्ठ्याऐंशी साली घेतली होती. दिसायला चार माणसांची साधी गाडी, पण पाय दाबला की मोठमोठ्या गाड्यांना मागे टाकणारी. चालवायची ग्लेनिस. नेव्हिल शेजारी पेपरमिंटची पुडी धरून बसायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. पुढे ती गाडी गॅरेजमध्ये अकरा वर्षं गंजत पडली. ग्लेनिसला आजाराने घरी बसवलं तेव्हा तिने फर्मान काढलं, "नेव्हिल, गाडी उभी करायची."

"मला स्पॅनर कुठून धरतात तेही माहीत नाही."

"मी वाचते, तू कर."

दोन वर्षं तसंच चाललं. ती बागेतल्या घडीच्या खुर्चीवर, मांडीवर दुरुस्तीचं पुस्तक. हा गाडीखाली. प्रत्येक धड्याच्या शेवटी तेच वाक्य असायचं, 'जोडताना हेच सर्व उलट क्रमाने करावे.' ते वाचून ती दर वेळी हसायची. खालून नेव्हिल ओरडायचा, "ज्याने लिहिलंय त्याला बोलाव इथे!"

फेब्रुवारीत ती गेली. गाडी तेव्हा चाकांशिवाय ठोकळ्यांवर होती. जायच्या आधी तिने नेव्हिलला आणि आपल्या धाकट्या बहिणीला, ऑड्रीला, समोर बसवून सांगितलं, "चाचणी पास झाली की गाडी ऑड्रीची. नेव्हिल, तू ती तीसच्या वर नेणार नाहीस. जीव गुदमरेल बिचारीचा."

नेव्हिलने मान हलवली होती. शब्द दिला होता. आता शब्द मोडता येत नव्हता, आणि गाडी देववत नव्हती. पण नापास गाडी देता येत नाही, हे त्याला दुसऱ्या चाचणीच्या आदल्या दिवशी सुचलं, आणि बाग पाणी पिऊन तृप्त झाली.

ऑड्री दर शनिवारी दुपारी ओटकेक, म्हणजे ओटच्या पिठाची चीज भरलेली धिरडी, घेऊन यायची. सदुसष्ट वर्षांची, आवाज पन्नास माणसांचा.

"झाली का रे पास?"

"नाही."

"आता काय?"

"हॉर्न."

"हॉर्न!" ऑड्रीने ओटकेक खाली ठेवला. त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "पुढच्या वेळी मी येते बरोबर."

"कशाला त्रास घेतेस?"

"त्रास कसला? माझी गाडी आहे."

शनिवारी सकाळी ती दारात हजर. रस्ताभर तिची टकळी चालू. "अरे, ती सायकलवाली बाई पुढे गेली! नेव्हिल, आता अंत्ययात्रासुद्धा मागे टाकेल आपल्याला." नेव्हिलने वेग वाढवला नाही. त्याच्या कोटाचा उजवा खिसा जरा फुगला होता.

क्लाइव्हने हॉर्न वाजवला. पाणी उडवलं. ब्रेक, चाकं, धूर, सगळं बघितलं. मग मागे जाऊन वाकला आणि तसाच वाकून राहिला. "नेव्हिल, नंबर प्लेटचे दिवे लागत नाहीत. दोन्ही."

"अरेरे," नेव्हिल म्हणाला.

ऑड्री उठली, सरळ त्याच्यापाशी आली आणि त्याच्या खिशात हात घातला. निघाला एक इस्त्रीचा रुमाल. रुमालात दोन छोटे बल्ब.

"घे क्लाइव्ह. बसव."

क्लाइव्ह एकदम छताकडे बघायला लागला.

"चाळीस वर्षं हा माणूस कारखान्यात कपांना टिचकी मारून तडा ओळखत होता," ऑड्री म्हणाली. "एक फुटका कप याच्या हातून सुटला नाही. आणि हा म्हणे तारा विसरतो! बरं, फेकून तरी द्यायचे रे. रुमालात कशाला गुंडाळलेस?"

"फुटले असते," नेव्हिल म्हणाला.

ऑड्रीने रुमालाची घडी परत त्याच्या खिशात सरकवली. क्लाइव्हने बल्ब बसवले आणि पासचा कागद दिला. तिने हात पुढे केला, नेव्हिलने किल्ली ठेवली. येताना ती चालवत होती. टेकडीच्या वळणावर गाडीने जो आवाज काढला तो नेव्हिलने तेरा वर्षांत ऐकला नव्हता. त्याने डोळे मिटून घेतले. दारात त्याला उतरवून ती गेली.

त्या आठवड्यात नेव्हिलने गॅरेज तीनदा झाडलं. तेलाचा डाग निघाला नाही, ते बरंच वाटलं. घडीची खुर्ची भिंतीला टेकून होती. बुधवारी तो पुस्तक उघडून हॉर्नचा धडा वाचत बसला, काही कारण नसताना.

शनिवारी कोपऱ्यावर हॉर्न वाजला. लाल गाडी दारात करकचून थांबली.

"काय बनवून ठेवलंयस हे!" ऑड्री उतरायच्या आत सुरू झाली. "काल अंधार पडल्यावर शेजारीण सांगत आली. नंबर प्लेट दिसतच नाही म्हणे."

नेव्हिल गुडघे टेकून खाली बसला. झाकणाचा स्क्रू बघितला. त्यावर सुरीचा ताजा ओरखडा होता, आणि ओरखड्यात लोणी. आत बल्ब शाबूत होता, नुसता खोबणीतून सोडवलेला. दुसराही तसाच. दुरुस्ती अर्ध्या मिनिटाची.

त्याने वर बघितलं. ऑड्री शेजाऱ्यांचं कुंपण फार लक्ष देऊन बघत होती.

"मोठं काम आहे," तो म्हणाला. "दुपार जाईल."

"जाऊ दे. ओटकेक आणलेत." तिने गॅरेजमधली घडीची खुर्ची ओढली, झटकली आणि त्यात बसली. "आणि हॉर्नचंही बघावं लागेल बाबा. वाजत नाही."

"आत्ता तर वाजवलास कोपऱ्यावर."

"आज वाजला," ऑड्री म्हणाली. "मी पुढच्या शनिवारचं सांगतेय."