लादीला कॅन्सर

लालबागच्या त्या चाळीत, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत एवढी गर्दी, की कठडा आता सुटतो की मग. आम्लानंद महाराज आले होते. म्हणे कॅन्सर उकळवून मारतात!

कौसल्या मागे उभी राहून दात खात होती. तिच्या नवऱ्याच्या, शामरावच्या मांडीत लिंबाएवढी गाठ. सार्कोमा. म्हणजे अंगातलं सगळं धरून ठेवणाऱ्या मांसाबिंसाचा कॅन्सर. सोमवारी परळच्या हॉस्पिटलात ऑपरेशन, आणि हा माणूस लुंगी वर करून महाराजांपुढे बसलेला.

महाराजांनी कागद फडकवला. "इंग्रजी संशोधन! आम्ल आणि सार्कोमा, दोघांचा संबंध! संबंध म्हणजे काय? उपाय!"

"संबंध तर माझा नि सासूचापण होता," कौसल्या पुटपुटली.

महाराजांनी पांढरा खडा गाठीवर घासला. "रोगा, उतर दगडात!" मग खड्यावर 'तीर्था'चे थेंब. फस्स! फेसच फेस. टाळ्या.

"मेला रोग! आता गाठीवर याच तीर्थाचा लेप, ऑपरेशन कॅन्सल."

"बघितलंस कौसल्या? कापाकापी वाचली," शामराव म्हणाला.

कौसल्या खाली बघत होती. एक थेंब शहाबादी लादीवर पडलेला. तिथेपण फस्स!

"महाराज, लादीलापण कॅन्सर झालाय काय?"

कोणीतरी फिसकन हसलं.

"वीस वर्षं ऑफिसांचे संडास धुतेय मी. हा वास ओळखत नाय होय? संडासचं ॲसिड आहे हे! असल्या दगडावर पडलं की फेस येतोच!" ती घरातून फुटक्या संगमरवरी पोळपाटाचा तुकडा घेऊन आली. "हा कोणाच्या मांडीला लावलेला नाय. टाका थेंब."

महाराज टाकेनात. तिनेच टाकला. फस्स!

तिसऱ्या मजल्यावरची पूर्वी नावाची पोरगी नर्सिंग शिकते. तिने कागद ओढून वाचला. "काकी, यात तर विचारलंय, या ॲसिडने सार्कोमा होतो का!"

"म्हणजे औषध नाय, संशयित आहे!"

"श्रद्धा नसेल तर..." महाराज फुत्कारले.

"तर तुमच्या मांडीवर ओता. श्रद्धा तुमची, मांडी तुमची."

महाराज चपला न घालताच जिना उतरले.

शामराव हळूच म्हणाला, "भीती वाटते गं ऑपरेशनची."

"मलापण वाटते. म्हणून काय मांडी संडाससारखी धुऊन घ्यायची? चला, अहो, लुंगी खाली करा."

सोमवारी दोघं ऑपरेशनसाठी परळला गेली.

तर लोकहो, फेस साबणालापण येतो. गाठ दिसली की डॉक्टरला दाखवा. आणि कोणी संशोधन म्हणून कागद फडकवला, तर आधी हिसकावून वाचा.