मागच्या बाजूची चौथी नळी

कंडेन्सर आणि फिटरबाबा एकाच वर्षी कारखान्यात आले, आणि दोघांचीही आता चाळण झालीय, असं त्यांची सून म्हणायची. ती तिथल्याच लॅबमध्ये पाणी तपासायची, त्यामुळे सासऱ्याला बोलायला तिला घर पुरत नसे.

कंडेन्सरमध्ये सहा हजार पितळी नळ्या. आतून समुद्राचं पाणी जायचं, बाहेरून वाफ थंड होऊन तिचं पाणी व्हायचं. नळीला भोक पडलं, की खारं पाणी थेट बॉयलरच्या वाटेला लागायचं. मग फिटरबाबा अर्धा कंडेन्सर बंद करून मेणबत्ती घेऊन आत शिरत. जिच्या तोंडाशी ज्योत आत ओढली जाई ती गळकी. तिच्या दोन्ही तोंडांना बूच ठोकायचं, झालं. या खेपेला त्यांनी पुढून डावीकडून चौथी नळी बुजवली, तेव्हा साहेबांनी बजावलं होतं, "आता गळलं, तर काम बाहेरच्या कंपनीला."

दुसऱ्याच दिवशी दुपारी सून बाटली घेऊन आली. औषधाचे दोन थेंब टाकले, पाणी दुधाळ झालं. म्हणजे खारं.

"तुझं औषध जुनं झालं असेल," बाबा म्हणाले.

"औषध सकाळीच केलंय. जुनं दुसरंच काहीतरी आहे."

"साहेबांना कळवलंस?"

"रिपोर्ट पाचला जातो. आता बारा वाजलेत."

बाबांनी अर्ध्या कंडेन्सरचं पाणी उतरवलं, झाकण उघडलं. पुढच्या बाजूला ज्योत सरळ उभी. मागच्या बाजूला मात्र बूच ठोकलेली नळी सोडून भलत्याच उघड्या नळीत वाकली.

झाकणातून सुनेनं डोकं घातलं. "बाबा, पुढून डावीकडून चौथी ना? मग मागून?"

"डावी..." बाबा थांबले. मागून बघताना डावं उजवीकडे जातं, आणि त्यांनी मागूनही डावीकडूनच मोजलं होतं.

"तीस वर्षं पोरांना हेच शिकवत आलो गं."

"मग पोरांचं तरी बरोबर येत असेल."

मागचं चुकीचं बूच काढलं, गळक्या नळीत मागून सळई सारून ती पुढच्या बुचाला टेकते याची खात्री केली, आणि बूच तिथं ठोकलं. पावणेपाचला पाणी थेंब टाकूनही नितळ.

"मी फक्त पाण्याचं लिहिते," सून म्हणाली. "मोजणाऱ्याचं नाही."

बाबांनी तिच्या हातातून कागद घेतला, खाली स्वतःच लिहिलं, 'नळी नवी फुटली नाही, फिटरनं मागची बाजू चुकीची मोजली,' आणि स्वतःच वर घेऊन गेले.

अर्ध्या तासानं उतरले ते कान खाजवत.

"काय म्हणाले?"

"कंडेन्सर माझ्याकडेच. पण यापुढे मागची बाजू मोजायला तू यायचंस."

सून गंभीरपणे म्हणाली, "बघते. मला वेळ असला तर."