मुर्जोचा मुक्काम

लांडगे वाचावेत म्हणून देशोदेशीच्या लोकांनी पिरिन डोंगरातल्या मेंढपाळांना राखणीचे कुत्रे फुकट वाटले. कुत्रा असला की लांडगा मेंढी नेत नाही, आणि मेंढी गेली नाही की माणूस लांडग्याला विष घालत नाही. अट एकच. कुत्र्याने मेंढ्यांतच राहायचं. घरात घ्यायचं नाही, लाड करायचे नाहीत.

"आता परदेशातला माणूस मला कुत्रं पाळायला शिकवणार!" म्हणत स्तामेनाने पहिल्याच थंडीत वाट्याला आलेलं पिल्लू घरात घेतलं. मुर्जो वासराएवढा झाला तरी चीज भरलेली गरम बानित्सा खाऊन तिच्या पायाशी घोरत पडायचा. मेंढ्या त्याला ओळखतही नव्हत्या.

एक दिवस शेजारच्या रुसानाने कुंपणावरून बातमी दिली. "पुढच्या आठवड्यात कुत्रे वाटणारा तो स्वित्झर्लंडचा उलरिख तपासणीला येतोय गं. मेंढ्यांत न राहणारं कुत्रं काढून दुसऱ्याला देणार. मी सांगून ठेवलंय, मला द्या."

"तुझ्या हातचं खाण्यापेक्षा तो लांडग्यांत जाऊन राहील," स्तामेना म्हणाली.

पण त्याच संध्याकाळी तिने मुर्जोला मेंढवाड्यात कोंडलं. ती घराच्या दारात पोचायच्या आत तो कुंपण ओलांडून तिच्यापुढे हजर. नवरा गांचो पोट धरून हसला. "तो तुलाच राखतोय! तूच जा राहायला मेंढ्यांत."

स्तामेनाने जरा विचार केला. "पलंगाचं ते टोक उचल," ती म्हणाली.

उलरिख आला तेव्हा मेंढ्यांच्या मधोमध लोखंडी पलंग, त्यावर मोजे विणत बसलेली स्तामेना, आणि मुर्जोच्या पाठीला टेकून रवंथ करणारी एक मेंढी. उलरिखने आत पाय टाकला मात्र, मुर्जो असा धावून गेला की साहेब कुंपणावर.

"राखण उत्तम आहे," तो वरूनच म्हणाला. "पण आजी, हा पलंग?"

"कुत्र्याने मेंढ्यांत राहायचं, हे तुम्हीच सांगितलं. माणसाने राहू नये असं कुठं म्हटलंय?"

"नाही म्हटलं. आणि लाड?"

"कसले लाड! घरात पाऊल टाकू देत नाही मी त्याला."

कुंपणापलीकडून गांचो ओरडला, "साहेब, संकटात सापडलेल्या जनावरांत म्हाताऱ्या नवऱ्यांना धरता का हो? आठवडा झाला, स्वतःच्या हातचं करपलेलं खातोय!"

उलरिख हसला. "कुत्रा तुमच्याकडेच राहू दे, आजी. हिवाळ्यात बर्फ पडलं की पुन्हा बघायला येतो."

स्तामेनाने सुया खाली ठेवल्या आणि मेंढवाड्याच्या गळक्या छपराकडे पाहिलं.

"ऐकलंस ना, गांचो? छप्पर शाकारायला लाग. आणि तुझंही अंथरूण आण इकडे. या मेंढ्या मेल्या उलट बोलतच नाहीत."