पाहुण्यांसाठी झाडलेली बांधी

दोन वर्षं शामकलानं चपला झिजवल्या होत्या. दवनीवाड्यात तिची दीड एकराची धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, आणि त्या बांधीत मीठ वर येत होतं. कालव्याचं पाणी पाझरायचं, निघून जायला वाट नाही, उन्हाळा लागला की अख्खं रान चुना फासल्यासारखं पांढरं. कितीही रोवा, हाती दाण्याविना नुसती तणस. अशा खारवट जमिनी सुधारायला पाच देशांनी मिळून एक प्रकल्प काढला होता. ज्याची बांधी निवडली जाईल, तिच्याखालून पाणी काढायचे पाइप तेच घालून देणार. हिनं अर्ज केले, पिशवीत माती भरून गोंदियाला नेली, साहेबांच्या हिंदीला हिंदीत उत्तरं दिली. शेवटी यादीत नाव लागलं. आता परदेशी पाहुणे येऊन जागेवर मातीतलं मीठ मोजणार, ते भरपूर निघालं की झालं काम.

आणि नेमकं तेव्हाच तिला भाचीच्या लग्नाला दरेकशाला जावं लागलं. तीन दिवस. तीन दिवसांत माणूस काय काय उद्योग करून ठेवतो, बघा!

तिचा नवरा योगराज मनानं भला, पण पाहुणा म्हटलं की याच्या अंगात येतं. साधा जावई यायचा असला तरी हा दारापासून सडकेपर्यंत झाडून काढतो. इथं तर विलायतेहून लोक येणार! त्यानं ट्रॅक्टर लावला, बांधीवरचा पांढरा थर खरवडून लांब नेऊन टाकला आणि बोडीतला, गावच्या लहान तळ्यातला, काळाभोर गाळ आणून वीतभर पसरला. वरून पाण्याचा सडा.

शामकला परतली ती पाहुण्यांच्या गाड्यांच्या मागोमाग. बांधी पाहून तिनं योगराजला बांधावरच गाठलं.

“काऊन जी, हे काय करून ठेवलं तुमी?”

“मंग? पावन्यायले तसं पांढरं रान दाखवाचं? का म्हनतील थे?”

“थेच तं पाहाले आले ना थे, बाप्पा!”

तोवर उझबेकिस्तानची एक बाई आणि इजिप्तचा एक म्हातारा शास्त्रज्ञ बांधीत उतरले होते. पाच ठिकाणी यंत्र टोचलं. पाचही ठिकाणी आकडा चांगला, मीठ नावालाच. सोबतचे आपले साहेब, इंद्रकुमार, खूश झाले. “वा! जमीन तर सुधारली की!” म्हाताऱ्यानं योगराजचा हात हातात घेऊन विचारलं, कशी सुधारली? आणि हा शहाणा मान खाली घालून हसत राहिला. खरं सांगायची लाज, खोटं बोलता येत नाही.

शामकलाचं डोकं फिरलं. तिनं फावडं घेतलं, मधोमध खड्डा मारला आणि गाळाखालचं पांढुरकं ढेकूळ उचलून त्या बाईच्या हातावर ठेवलं.

“सांगा साहेब यायले. वरचा गाळ कालचा हाय. खाली मीठच मीठ!”

बाईनं ढेकूळ जिभेला लावलं, थुंकली आणि साहेबांशी तावातावानं बोलू लागली. साहेबांनी सगळं ऐकलं.

“ताई, मॅडम म्हणतात तुमचं बरोबर आहे. पण मोजणी वरच्या वीतभराचीच, आणि एकदाच, असा नियम आहे. यंत्रातून आकडे पाठवूनही झाले. बदलायचे तर पाचही देशांच्या सह्या लागतील. पुढची निवड तीन वर्षांनी.”

“मंग घ्या ना सह्या! आले कायले मंग इतक्या दूर?”

साहेब कसनुसं हसले. बाई हसली नाही. तिनं शामकलाचा खांदा घट्ट दाबला, काहीतरी म्हणाली. ते साहेबांनी सांगितलंच नाही. मग चहा झाला, फोटो झाला, गाड्या गेल्या.

“मले वाटलं...” योगराज म्हणाला.

“बोलू नोका,” ती म्हणाली. रागानं तिला रडूही येईना.

महिन्याभरात मीठ गाळातून वर आलं आणि बांधी होती तशी पांढरी झाली. त्याच सुमारास एका दुपारी पाइपांनी भरलेला ट्रक त्यांच्या दाराशी थांबला. निवडलेलं गाव पुढं होतं आणि ड्रायव्हर रस्ता चुकला होता.

शामकला उठली, सडकेपर्यंत गेली आणि तिनं हात लांब करून रस्ता दाखवला. “सीधा जाओ भैया. तालाब के बाद बाएँ.”